लोहाच्या गोळ्यांनी बाळ काळे होत नाही

पुण्यात आजही अनेक घरांत गरोदर सुनेला बजावले जाते की, लोहाच्या गोळ्या घेतल्या तर बाळ काळे जन्मते. हा समज निराधार आहे. बाळाचा वर्ण आईवडिलांकडून आलेल्या जनुकांवर ठरतो. गोळ्यांमुळे काळसर होतो तो केवळ शौचाचा रंग, कारण न शोषलेले लोह त्यावाटे बाहेर पडते, आणि माझ्या मते या भीतीचे मूळ तेथेच असावे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. म्हणूनच शाळकरी मुलींना आठवड्यातून एक, तर गरोदर स्त्रीला चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशी १८० दिवस आणि बाळंतपणानंतरही तितकेच दिवस गोळी दिली जाते.

दवाखान्यातील परिचारिकेचे काम गोळ्या हाती ठेवून संपत नाही. गोळी चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्यासोबत घेतल्यास लोह अधिक शोषले जाते आणि मळमळ होत असल्यास ती रात्री जेवणानंतर घ्यावी, हे तिनेच समजावायचे असते. शक्य असेल तेव्हा सासूबाईंनाही शेजारी बसवून, कारण घरातला निर्णय बहुधा त्यांच्याच शब्दावर होतो.