मिररलेस कॅमेरा

मिररलेस कॅमेरा : लेन्समधून आलेला प्रकाश वाटेत आरशावर न अडता थेट सेन्सरवर (प्रकाशाचे चित्रात रूपांतर करणाऱ्या चिपवर) पडतो, सेन्सरवर उमटणारी प्रतिमाच इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून पाहायच्या खिडकीत) किंवा मागच्या पडद्यावर दिसते आणि लेन्स काढून दुसरी लावता येते, असा डिजिटल कॅमेरा. मोबाइल फोनमध्ये किंवा खिशात मावणाऱ्या साध्या कॅमेऱ्यातही आरसा नसतो. परंतु त्यांची लेन्स बदलता येत नसल्याने त्यांची गणना या प्रकारात होत नाही. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः उच्च श्रेणीच्या, म्हणजे बहुतांशी ३६ × २४ मिमी. आकाराचा (फुल फ्रेम) सेन्सर असलेल्या आणि स्थिर छायाचित्रे व व्हिडिओ या दोन्हींसाठी घेतल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका : कॅमेऱ्यात आरसा बसविण्याची कल्पना जुनी आहे. टॉमस सटन या इंग्रज छायाचित्रकाराने १८६१ मध्ये तिचे एकस्व घेतले. ३५ मिमी. फिल्मवरील पहिला एकभिंगी परावर्ती (एसएलआर) कॅमेरा म्हणून सामान्यतः जर्मनीतील कीने एक्झाक्टा (१९३६) याचा उल्लेख होतो. सोव्हिएट रशियातील स्पोर्ट हा त्याच सुमाराचा कॅमेरा आधीचा असावा, असेही एक मत आहे. पंचकोनी लोलक बसविलेला काँटॅक्स एस (१९४९) आणि व्यावसायिकांनी उचलून धरलेला निकॉन एफ (१९५९) यांनंतर ही रचना स्थिरावली. फिल्म एकदाच प्रकाशाला उघडी करता येते. त्यामुळे लेन्सला दिसते तेच डोळ्याला दाखवायचे, तर आरशाने प्रकाश वर वळवून ऐन क्षणी बाजूला होणे भाग होते.

सेन्सर आल्यावर ही अडचण तत्त्वतः संपली, पण आरसा पुढे दशकभर टिकला. त्याचे कारण सवयीपेक्षा फोकसमध्ये शोधावे लागते. वेगवान स्वयंचलित फोकससाठी लागणारा कला-भेद संवेदक (लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या किरणांतील फरकावरून फोकस ठरविणारा) कॅमेऱ्याच्या तळाशी असे आणि त्याला प्रकाश आरशातूनच मिळे. व्हिडिओ घेताना मात्र आरसा वर करून ठेवावा लागे. मग व्ह्यूफाइंडर काळा आणि फोकस-संवेदक आंधळा. निकॉन डी ९० व कॅनन ५डी मार्क २ (दोन्ही २००८) यांनी डीएसएलआरमध्ये (डिजिटल एसएलआरमध्ये) व्हिडिओ आणला आणि त्याचबरोबर ही विसंगतीही उघड केली.

उगमाविषयीची मते : पहिला मिररलेस कॅमेरा कोणता, याबाबत एकवाक्यता नाही. एका मतानुसार हा मान एप्सन आर-डी१ (२००४) या कॅमेऱ्याकडे जातो. कोसिना या जपानी कंपनीच्या सहकार्याने बनलेल्या या ६ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला लायका एम माउंटच्या (माउंट म्हणजे लेन्स बसविण्याचे कडे) लेन्स बसत. त्यात आरसा नव्हता आणि लेन्स बदलता येत असे, म्हणजे वरील व्याख्येतील दोन अटी पूर्ण होतात. पण त्याचा व्ह्यूफाइंडर निव्वळ प्रकाशीय, अंतरमापक (दोन प्रतिमा जुळवून हाताने फोकस करण्याच्या) पद्धतीचा होता. सेन्सरवरील जिवंत प्रतिमा त्यात दिसत नसे. प्रत्येक चित्रानंतर शटर हाताने तरफ ओढून चढवावे लागे. लायका एम ८ (२००६) याच वंशातला. या कॅमेऱ्यांना मिररलेस म्हणायचे, तर १९३० च्या, लेन्स बदलता येणाऱ्या लायकालाही तेच म्हणावे लागेल.

दुसरी बाजू सोनीच्या डीएससी-आर१ (२००५) या कॅमेऱ्याची आहे. त्यात मोठा, एपीएस-सी (फुल फ्रेमहून लहान) आकाराच्या जवळपासचा सेन्सर, जिवंत प्रतिमा आणि इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर हे सारे होते, परंतु लेन्स कायमची बसविलेली होती. तिसरे मत व्हिडिओकडून येते व स्थिरचित्रणाच्या ग्रंथांत त्याची दखल क्वचित घेतली जाते. कॅननच्या एक्सएल१ (१९९७) या कॅमकॉर्डरची लेन्स बदलता येत असे, व्ह्यूफाइंडर इलेक्ट्रॉनिक होता आणि आरशाचा प्रश्नच नव्हता. या दृष्टीने मिररलेस कॅमेरा म्हणजे स्थिरचित्रे काढू लागलेला व्हिडिओ कॅमेरा होय. वंशावळ म्हणून हे मत ओढूनताणून आणलेले वाटले, तरी पुढील घडामोडींशी ते चांगले जुळते.

ऑलिंपस व पॅनासॉनिक यांनी ऑगस्ट २००८ मध्ये मायक्रो फोर थर्ड्‌स ही पद्धती जाहीर केली आणि त्याच वर्षीच्या शरद ऋतूत पॅनासॉनिक लुमिक्स जी१ बाजारात आला. बदलती लेन्स, इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर आणि सेन्सरवरूनच होणारा स्वयंचलित फोकस हे तिन्ही गुण त्यात प्रथम एकत्र आले. त्यामुळे प्रकाराचा आरंभ २००८ पासून धरणे अधिक सयुक्तिक ठरते. गंमत अशी, की जी१ व्हिडिओ घेऊ शकत नसे. ती सोय पुढच्या वर्षीच्या जीएच१ मध्ये आली.

यानंतर सॅमसंग एनएक्स१० व सोनी नेक्स मालिका (२०१०), निकॉन १ (२०११), फुजीफिल्म एक्स-प्रो१ व कॅनन ईओएस एम (२०१२) हे कॅमेरे आले. यांपैकी सॅमसंगने हे क्षेत्रच सोडले आणि निकॉन १ व कॅननचा ईएफ-एम माउंट बंद पडले. ऑक्टोबर २०१३ मध्ये जाहीर झालेले सोनीचे अल्फा ७ व अल्फा ७आर हे स्वयंचलित फोकस असलेले पहिले फुल फ्रेम मिररलेस. २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निकॉन (झेड ७, झेड ६), कॅनन (ईओएस आर) आणि लायका-पॅनासॉनिक-सिग्मा यांची एल-माउंट युती असे तिघेही फुल फ्रेममध्ये उतरले. जपानी उत्पादक संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२० मध्ये मिररलेसचा पुरवठा डीएसएलआरच्या पुढे गेला.

माउंट व प्रकाशकी : लेन्स बसते त्या कड्यापासून सेन्सरच्या पृष्ठापर्यंतचे अंतर हा या प्रकाराचा खरा गाभा आहे. आरशाला हलायला जागा हवी म्हणून हे अंतर निकॉन एफमध्ये ४६.५ मिमी. व कॅनन ईएफमध्ये ४४ मिमी. होते. आरसा गेल्यावर ते सोनी ई माउंटमध्ये १८, कॅनन आरएफ व एल माउंटमध्ये २० आणि निकॉन झेडमध्ये १६ मिमी. इतके कमी झाले. याचा पहिला लाभ जुन्या लेन्सना मिळाला. वाचलेल्या जागेत एक पोकळ नळी बसवली, की जवळपास कोणत्याही एसएलआरची लेन्स चालते, उदा., ईएफ लेन्स आरएफ बॉडीवर लावण्यासाठी २४ मिमी. जाडीचा अडॅप्टर पुरतो.

दुसरा लाभ विस्तृत कोनाच्या लेन्सचा. एसएलआरमध्ये ३५ मिमी.पेक्षा कमी केंद्रांतराची लेन्स बनवताना तिचे मागचे भिंग आरशाच्या वर-खाली होण्याच्या आड येऊ नये म्हणून व्यस्त दूरदर्शी (मागचे भिंग दूर ठेवूनही केंद्रांतर कमी राखणारी) रचना करावी लागे. पिएर आंजेन्यू यांनी १९५० मध्ये ती ‘रेट्रोफोकस’ या नावाने बाजारात आणली. अशा लेन्स मोठ्या, जड व अनेक भिंगांच्या असतात. आरसा नसेल तर मागचे भिंग सेन्सरजवळ नेऊन लुटविख बेर्टेले यांच्या बिओगॉन या लेन्ससारखी समप्राय (पुढून-मागून जवळपास सारखी), आटोपशीर रचना पुन्हा वापरता येईल, अशी अपेक्षा होती. ती अंशतःच फळाला आली. फिल्मला तिरपे किरण चालतात, सेन्सरला चालत नाहीत. चित्राच्या कोपऱ्यांत काळोखी व रंगाची झाक येते, आणि सेन्सरवरील संरक्षक काचेच्या जाडीमुळे कडांची तीक्ष्णता ढासळते. लायका एम ८ मध्ये काच सु. ०.५ मिमी. इतकी पातळ ठेवल्याने कोपरे सुधारले, पण अवरक्त प्रकाश पुरेसा अडेना आणि काळे कृत्रिम कापड जांभळट दिसू लागले. लेन्सवर वेगळा फिल्टर लावणे हाच त्यावर उपाय होता. पुढे पार्श्वप्रकाशित, म्हणजे विद्युत्-जोडण्या प्रकाशग्राही थराच्या मागे असलेल्या सेन्सरने (फुल फ्रेममध्ये प्रथम सोनी अल्फा ७आर २, २०१५) तिरप्या किरणांचा प्रश्न सौम्य केला.

माउंटचा व्यास किती असावा, हा वाद अद्याप चालू आहे. निकॉन झेडचा अंतर्व्यास ५५ मिमी., कॅनन आरएफचा ५४ मिमी., तर मुळात एपीएस-सीसाठी आखलेल्या सोनी ई माउंटचा सु. ४६ मिमी. आहे. रुंद माउंटमुळेच ५८ मिमी. एफ/०.९५ सारखी (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे) लेन्स शक्य झाली, असे निकॉनचे प्रतिपादन. सोनीने त्याच अरुंद माउंटसाठी २०२१ मध्ये ५० मिमी. एफ/१.२ लेन्स काढली व ती आकाराने माफकही आहे. यावरून व्यासाची मर्यादा सैद्धांतिक असली, तरी नेहमीच्या वापरातील लेन्सच्या बाबतीत ती फारशी जाणवत नाही असे दिसते. कोपऱ्यांपर्यंत सारखा प्रकाश पोचविणे रुंद माउंटमध्ये सोपे जाते, एवढे मान्य करावे लागेल.

सेन्सरचे वाचन : सेन्सरवरील ओळी एकदम नव्हे, तर वरून खाली क्रमाने वाचल्या जातात. हे वाचन संथ असेल, तर वेगाने सरकणारी गाडी तिरकी दिसते आणि एलईडी दिव्यांखाली चित्रात आडवे पट्टे उमटतात. वाचन जलद व्हावे म्हणून सेन्सरलाच स्मृती जोडण्याची स्तरित रचना फुल फ्रेममध्ये प्रथम सोनी अल्फा ९ (२०१७) मध्ये आली. त्यामुळे व्ह्यूफाइंडर एकदाही काळा न होता सेकंदाला २० चित्रे घेता येऊ लागली. निकॉन झेड ९ (२०२१) मध्ये यांत्रिक शटर पूर्णपणे काढून टाकले आहे. सोनी अल्फा ९ मार्क ३ (२०२३) मध्ये सर्व बिंदू एकाच क्षणी वाचले जातात. त्यात सेकंदाला १२० चित्रे व १/८०,००० सेकंदाचे शटर मिळते. मात्र मूळ आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) नेहमीच्या १०० ऐवजी २५० झाला आहे, म्हणजे लख्ख उजेडापासून गडद सावलीपर्यंतचे तपशील टिपण्याची क्षमता काहीशी घटली आहे. कोणता सेन्सर ‘चांगला’ हे त्यामुळे कामावर ठरते : किल्ल्यांची पहाटेची छायाचित्रे काढणाऱ्याला या वेगाचा उपयोग नाही, ताडोबात उडता पक्षी टिपणाऱ्याला आहे.

फोकसची मूळ अडचण कला-भेद ओळखणारे बिंदू सेन्सरवरच बसवून सुटली. बदलत्या लेन्सच्या कॅमेऱ्यांत हे प्रथम निकॉन १ मध्ये दिसते. डोळा, प्राणी व पक्षी ओळखून फोकस धरणारी यंत्रणा हा त्याचाच विस्तार होय.

व्हिडिओ : पॅनासॉनिक जीएच४ (२०१४) मध्ये ४के चित्रण कॅमेऱ्यातील कार्डावरच होऊ लागले. त्याच वर्षीच्या सोनी अल्फा ७एसने १२ मेगापिक्सेल एवढाच सेन्सर घेऊन मंद प्रकाशातील व्हिडिओला प्राधान्य दिले. कॅनन ईओएस आर५ (२०२०) मध्ये ८के, म्हणजे ७,६८० × ४,३२० बिंदूंचे चित्रण आले. त्याच्या रॉ (असंस्कारित) स्वरूपाचा वेग सेकंदाला सु. २,६०० मेगाबिट असल्याने ५१२ जीबीचे कार्ड सु. २६ मिनिटांत भरते. कार्ड, हार्ड डिस्क आणि संपादनाचा संगणक यांचा खर्च कॅमेरा घेताना बहुधा हिशेबात धरलेला नसतो.

अनेक कॅमेऱ्यांत दीर्घकाळ असलेली २९ मिनिटे ५९ सेकंदांची मर्यादा तांत्रिक नव्हती. युरोपीय संघाच्या सीमाशुल्क वर्गीकरणात सलग ३० मिनिटे वा अधिक चित्रण करणारे यंत्र व्हिडिओ कॅमेरा गणले जाई व त्यावर जादा शुल्क पडे. उष्णतेची मर्यादा मात्र खरी आहे. आर५ साठी कॅननने २३° से. तापमानात ८केची मर्यादा सु. २० मिनिटे सांगितली होती. बहुतेक उत्पादक वापराची कमाल तापमानमर्यादा ४०° से. देतात, आणि विदर्भातील मे महिन्याची लग्ने तिच्या पलीकडे लागतात. पॅनासॉनिक एस१एच (२०१९) किंवा सोनी एफएक्स ३ (२०२१) यांसारख्या पंखा असलेल्या बॉडी अशा कामासाठी सरस ठरतात.

रंगसंस्करणासाठी उजेड-सावलीचे अधिक तपशील फिकट चित्रात राखणारे लॉग वक्र (एस-लॉग, सी-लॉग, एन-लॉग इ.) व १०-बिट नोंद वापरतात. भारतात वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा असल्याने दिव्यांची थरथर टाळण्यासाठी शटर १/५० किंवा १/१०० ठेवण्याची पद्धत आहे. निकॉनने २०२४ मध्ये रेड ही सिनेकॅमेरे बनविणारी अमेरिकी कंपनी विकत घेतल्याने स्थिरचित्रण व सिनेमा या दोन्ही क्षेत्रांतील अंतर आणखी घटले.

स्थिर व चलत् चित्रे एकाच हाताने घेण्याची परंपरा महाराष्ट्रात बरीच मागे जाते. मुंबईतील छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी इंग्लंडहून सिनेकॅमेरा मागवून (किंमत २१ गिनी सांगितली जाते) १८९९ मध्ये हँगिंग गार्डन येथील कुस्तीचे चित्रण केले. अर्थात त्यांना त्यासाठी दोन यंत्रे बाळगावी लागत.

मालकी व निगा : बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते, लेन्स टिकतात, त्यामुळे माउंटची निवड बॉडीच्या निवडीपेक्षा दूरगामी ठरते. भारतात डिजिटल कॅमेऱ्यांवरील वस्तू व सेवा कर १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्के झाला. मुंबईत फोर्टमधील बोरा बाजार हे नव्या-जुन्या कॅमेऱ्यांचे जुने पेठस्थान होय. अनधिकृत आयातीचा, म्हणजे ‘ग्रे’ माल स्वस्त पडतो, पण त्याला बहुधा भारतातील वॉरंटी मिळत नाही. लग्नाचे चित्रण करणारे बरेच व्यावसायिक महागड्या लेन्स विकत न घेता दिवसाच्या भाड्याने आणतात.

सेन्सर व व्ह्यूफाइंडर सतत चालू असल्याने बॅटरी लवकर उतरते : निकॉन डी ८५० या डीएसएलआरची मानक क्षमता एका भारणात १,८४० चित्रांची, तर पहिल्या अल्फा ७ ची सु. ३४० होती. नव्या बॅटऱ्यांनी हे अंतर कमी केले आहे. लेन्स बदलताना सेन्सर उघडा पडून त्यावर धूळ बसते. ईओएस आरमध्ये कॅमेरा बंद करताच शटर मिटते ते यासाठीच. कोकणातील व गोव्यातील पावसाळ्यात लेन्सला बुरशी (व्यवसायात ‘फंगस’) धरते व तिच्या आम्लांनी भिंगावरील लेप खराब होतो. सापेक्ष आर्द्रता ४०-५० टक्के राखणारे कपाट किंवा सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा वापरतात. लेन्स चामड्याच्या पिशवीत महिनोन्‌महिने ठेवणे सर्वांत घातक.