जेट लॅग आणि उन्हाची वेळ

आनंदीबाई जोशी 7 एप्रिल 1883 रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि 4 जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. या प्रवासाचे हाल त्यांनी पुष्कळ सोसले, पण एक त्रास, जेट लॅगचा, त्यांच्या वाट्याला येणं शक्यच नव्हतं. कलकत्ता आणि न्यूयॉर्क यांच्या सूर्योदयांत पावणेअकरा तासांचं अंतर आहे. ते त्यांनी 58 दिवसांत कापलं, म्हणजे रोज सरासरी 11 मिनिटं. आज मुंबईहून थेट विमानाने पंधरा-सोळा तासांत माणूस तिथे पोचतो आणि साडेनऊ-साडेदहा तासांचा फरक एका झटक्यात अंगावर येतो. शरीराला यातलं नेमकं काय झेपत नाही, हे कळायला दोनशेहून अधिक वर्षं लागली.

सुरुवात विमानापासून फार दूर, एका कुंडीपाशी झाली. 1729 मध्ये द मेराँ या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने लाजाळूचं रोप अंधारात ठेवलं. दिवस उजाडल्याचं त्याला कळायला काही मार्ग नव्हता, तरी ठरलेल्या वेळी पानं उघडत-मिटत राहिली. वेळ रोपाच्या आतच कुठेतरी होती. पण ही नोंद पुढे बराच काळ झाडांपुरतीच राहिली.

वैमानिकांना ही अडचण अनुभवातून कळली. वायली पोस्ट या एकाक्ष अमेरिकी वैमानिकाने 1931 मध्ये हॅरॉल्ड गॅटीला सोबत घेऊन पावणेनऊ दिवसांच्या आत पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि 1933 मध्ये एकट्याने आठ दिवसांच्या आत. ठरावीक वेळी झोपण्याची सवय वाटेत आड येईल हे ओळखून त्याने निघण्यापूर्वीच ती मोडण्याचा सराव केला होता. आपल्याकडे एअर इंडियाचं पहिलं लंडन विमान 8 जून 1948 रोजी मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे गेलं. पंख्याची विमानं संथ होती, थांबेही होते. 1960 मध्ये बोईंग 707 न्यूयॉर्कला जाऊ लागलं आणि हा प्रश्न सामान्य प्रवाशापर्यंत आला.

तेव्हा बहुतेकांना वाटे की हा सगळा प्रवासाचा शिणवटा आहे. ते खोडून काढणारा प्रयोग मला या इतिहासातला सर्वांत देखणा वाटतो. 1960च्या दशकात अमेरिकी विमान वाहतूक खात्याच्या संशोधकांनी काही माणसांना अमेरिकेतून पश्चिमेला मनिलाला, पूर्वेला रोमला आणि दक्षिणेला चिलीतल्या सँटियागोला नेलं. सँटियागोचा प्रवासही लांबचाच, पण घड्याळ जवळपास तेच. तिथे पोचलेले लोक नुसते थकले होते. मनिला आणि रोमला गेलेल्यांच्या मात्र शरीराच्या तापमानाची रोजची लयच बिघडली होती. थकवा वेगळा आणि जेट लॅग वेगळा, हे इथे स्पष्ट झालं. थकवा एका झोपेत जातो, जेट लॅग जात नाही.

दुसरीकडे काही संशोधक जमिनीखाली उतरत होते. नॅथनिएल क्लाइटमन आणि त्यांचा विद्यार्थी ब्रूस रिचर्डसन 1938 मध्ये केंटकीतल्या मॅमथ गुहेत 32 दिवस राहिले आणि 28 तासांचा दिवस पाळून पाहिला. तरुण रिचर्डसनला तो बराचसा जमला, त्रेचाळिशीतल्या क्लाइटमनना नाही. 1962 मध्ये मिशेल सिफ्र हा फ्रेंच तरुण आल्प्समधल्या गुहेत घड्याळाविना दोन महिने राहिला. 14 सप्टेंबरला बाहेर आला, तेव्हा त्याच्या हिशोबाने 20 ऑगस्टच होता. मनाची मोजणी पार चुकली होती, पण त्याच्या झोप-जागेचं चक्र चोवीस तासांहून जरासंच मोठं निघालं. पुढे जर्मनीत म्यूनिकजवळ आंडेक्सला युर्गन आशोफ यांनी खास तळघर बांधून असे प्रयोग वर्षानुवर्षं केले. मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांनीही माणसांना बाह्य वेळेपासून तोडून ठेवणारी खोली उभारली होती. आपल्या विज्ञानलेखनात त्या कामाची आठवण क्वचितच निघते, याचं मला वाईट वाटतं.

आंडेक्सच्या नोंदींवरून माणसाचा अंतर्गत दिवस साधारण 25 तासांचा मानला गेला. त्यात एक गफलत होती. तळघरातली माणसं दिवा स्वतः लावत-मालवत, आणि तो दिवाच त्यांचं चक्र लांबवत होता. 1999 मध्ये चार्ल्स चाइस्लर यांच्या गटाने मंद उजेडात काटेकोर मोजणी केली आणि आकडा सरासरी 24 तास 11 मिनिटांवर आला. पश्चिमेला निघालेल्या आनंदीबाईंचा बोटीवरचा दिवसही सरासरी तेवढाच भरतो. पश्चिमेचा प्रवास बहुतेकांना पूर्वेपेक्षा सोपा का जातो, तेही यातच आहे. दिवस लांबवणं शरीराच्या स्वभावात आहे, आखडणं नाही.

शरीरातल्या या घड्याळाची जागा 1972 मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी उंदरांवर काम करून स्वतंत्रपणे शोधली. मेंदूत दृष्टिचेता एकमेकींना छेदतात, त्याच्या लगेच वर हा पेशींचा पुंजका आहे. मग 1980 मध्ये आल्फ्रेड लुई यांनी दाखवलं की प्रखर उजेड माणसाच्या शरीरात रात्री तयार होणारं मेलाटोनिन हे संप्रेरक दाबतो. 2002 मध्ये डोळ्यातल्या अशा पेशीही सापडल्या, ज्यांचं मुख्य काम बघणं नसून उजेडाची वर्दी घड्याळाला देणं आहे. यकृत आणि आतड्यांची स्वतःची घड्याळं असतात आणि ती आपापल्या गतीने जुळतात, म्हणून पहाटे तीनला कडकडून भूक लागते.

हा सगळा इतिहास मी मांडतो तो मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणाला अमेरिकेला जाणाऱ्या आईवडिलांसाठी. ‘मनावर घ्या, दुपारी झोपू नका’ एवढंच त्यांना ऐकवलं जातं, आणि रात्री दोनला टक्क जागे राहून ते स्वतःला दोष देतात. हा निर्धाराचा प्रश्नच नाही. घड्याळ उजेडाने हलतं आणि कोणत्या बाजूला हलेल हे वेळेवर ठरतं. नेहमी उठण्याच्या दोन-तीन तास आधी शरीराचं तापमान सर्वांत खाली जातं. त्याआधीचा उजेड घड्याळ मागे ढकलतो, नंतरचा पुढे. पश्चिमेला जाताना ते मागे न्यायचं असतं, पूर्वेला येताना पुढे. मुंबईचे पहाटेचे साडेचार म्हणजे उन्हाळ्यात न्यू जर्सीत संध्याकाळचे सात. म्हणून पहिल्या दिवशी दुपारचं ऊन अंगावर घेतलेलं चांगलं. पडदे लावून पडून राहणं नुकसानीचं. घड्याळ तरीही दिवसाला तास-दीड तासच सरकतं, तेव्हा आठवडा धरून चालावा.

मेलाटोनिनचं औषधही याच हिशोबाने काम करतं. 1986 मध्ये जोसेफिन आरेंट यांनी सॅन फ्रान्सिस्कोहून लंडनला आलेल्यांवर त्याची चाचणी घेतली होती. ती झोपेची गोळी नव्हे, रात्र झाल्याचा निरोप आहे. चुकीच्या वेळी घेतली तर घड्याळ उलट्या बाजूला जातं. रक्तदाबाची किंवा रक्त पातळ ठेवण्याची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

परतीचा प्रवास पूर्वेचा, आणि तिथे उजेडाचं गणित फिरतं. अमेरिकेतले पहाटेचे साडेचार म्हणजे मुंबईत दुपारचे दोन. घरी आल्यावर पहाटे जाग आली म्हणून लगेच फिरायला निघणं पहिले दोन-तीन दिवस टाळावं, कारण सकाळचं ऊन या वेळी घड्याळ मागे नेतं. दुपारी तीननंतर बाहेर पडावं, आणि हा फिरण्याचा वेळ रोज तासभर अलीकडे आणत जावा.