बांबू झाड की गवत: ‘गौण वनोपज’ या शब्दामागची भानगड

गडचिरोलीतल्या ग्रामसभांच्या बांबूविक्रीच्या जाहिराती हल्ली वर्तमानपत्रांत अधूनमधून दिसतात. त्यांत ‘गौण वनोपज’ हे दोन शब्द हमखास असतात आणि वाचणारा त्यांवरून सहज पुढे सरकतो. गेल्या पंधरा-वीस वर्षांतला या जिल्ह्यातला जंगलाचा झगडा मात्र बराचसा याच दोन शब्दांभोवती फिरला आहे. जमीन कोणाची हा प्रश्न त्यामागे होताच. पण गावकऱ्यांची रोजची अडवणूक व्हायची ती रस्त्यावरच्या नाक्यावर, ‘टीपी कुठे आहे?’ या सवालापाशी. टीपी म्हणजे वाहतूक परवाना.

मागचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. चांदा (आताचा चंद्रपूर) जिल्ह्याचा हा पूर्व भाग जमीनदाऱ्यांचा. १९५०-५१ मध्ये मध्य प्रदेशाच्या कायद्याने जमीनदाऱ्या गेल्या आणि त्यांच्याकडची जंगले सरकारजमा झाली. गावाला जळण, बल्ल्या, बांबू, चराई यांसाठी असलेली वहिवाट ‘निस्तारपत्रका’त नोंदली गेली. ते कागद पुढे तालुक्याच्या दप्तरात पडून राहिले. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. निस्ताराचे हक्क कोणी रद्द केले नव्हते, पण हळूहळू ते हक्क न राहता वनविभागाच्या मर्जीने मिळणारी सवलत होऊन बसले. टोपली विणायला लागणारा बांबू गावाने चोरून आणायचा आणि त्याच जंगलातला बांबू बल्लारपूरच्या कागद गिरणीला सरकारी कराराने जायचा, अशी एकंदर व्यवस्था होती.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला इंचमपल्ली आणि भोपालपट्टनम या दोन धरणांविरुद्ध इथे मोठे आंदोलन उभे राहिले. धरणे मागे पडली. त्यातून उरली ती गावागावांतल्या बैठकांची सवय. धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे शंभरेक घरांचे गोंडांचे गाव त्यातूनच पुढे आले. सर्वांचे एकमत झाल्याशिवाय निर्णय नाही, हा त्यांचा नियम. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा बहुतेकांनी ऐकलेली असते. तिच्याइतकेच महत्त्वाचे म्हणजे त्या गावात कायदे वाचणारे अभ्यासगट होते. मेंढ्याची खरी ताकद मला तरी घोषणेपेक्षा तिथे दिसते.

आता त्या शब्दाकडे. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात ‘झाड’ या शब्दाची व्याख्या आहे. तिच्यात ताड, बांबू, खुंट, झुडपे आणि वेत येतात. याच कायद्यात पुढे म्हटले आहे की पडलेले किंवा पाडलेले झाड म्हणजे इमारती लाकूड. दोन्ही वाक्ये जोडून वाचली की तोडलेला बांबू इमारती लाकूड ठरतो. वनस्पतिशास्त्र बांबूला गवताच्या कुळात घालते, पावसाळ्यात वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, खुडून भाजी करणाऱ्या बाईलाही त्याची वाढ झाडासारखी नाही हे ठाऊक असते. पण कायद्यापुढे दोघांचेही चालत नव्हते. आणि हा काही इंग्रजांच्या अज्ञानाचा नमुना नाही. विकला जाईल असा माल आपल्या ताब्यात राहावा म्हणून केलेली ती सोय होती. स्वातंत्र्यानंतर ती तशीच चालू राहिली यातच सगळे आले.

१९९६ च्या पेसा कायद्याने, म्हणजे आदिवासी भागांतल्या पंचायतींसाठीच्या कायद्याने, अनुसूचित (आदिवासीबहुल) क्षेत्रात गौण वनोपजाची मालकी गावाकडे दिली. गौण म्हणजे काय, हे मात्र त्या कायद्यात सांगितले नव्हते. त्या फटीतून राज्य आत शिरले. महाराष्ट्राने १९९७ मध्ये मालकी हस्तांतराचा स्वतःचा कायदा केला, त्याला यादी जोडली आणि यादीतून बांबू व तेंदू (विडीची पाने) वगळले. ज्यांत पैसा होता त्या वस्तू नेमक्या बाहेर.

जंगलात राहणाऱ्यांचे हक्क मान्य करणारा २००६ चा वनहक्क कायदा लिहिणाऱ्यांनी ही चलाखी ओळखलेली दिसते. त्यांनी गौण वनोपजाची व्याख्या थेट कायद्यातच घातली: वनस्पतीपासून मिळणारे, इमारती लाकूड नसलेले सगळे. आणि पुढे नावे देताना सुरुवातच बांबू, झुडपे, खुंट, वेत अशी केली. १९२७ ची ‘झाडा’ची व्याख्या शेजारी ठेवून पाहा. ताड तेवढा सोडला, तर बाकीचे चारही शब्द उचलून या बाजूला आणले आहेत. हा योगायोग असेल असे मानणे कठीण आहे.

तरी एक पाचर राहिलीच. कायद्याबरोबर २००८ च्या सुरुवातीला जे नियम आले, त्यांत वनोपजाची वाहतूक डोक्यावरून, सायकलवरून आणि हातगाडीवरून करता येईल असे लिहिले होते. मालकी तुमची, पण ट्रक नाही. हातगाडीवर रचून किती बांबू किती लांबच्या बाजारात जाणार?

मेंढ्याला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क, म्हणजे साऱ्या गावाचा मिळून हक्क, मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या काही गावांपैकी हे एक. दाव्याला पुरावा म्हणून जुने निस्तारपत्रक कामी आले. मग ग्रामसभेने बांबू विकायचे ठरवले आणि वनविभागाने परवाना नाकारला. बांबू हे झाड आहे, हे जुनेच उत्तर. सामूहिक हक्काचा कागद हातात असूनही बांबू गावाबाहेर नेता येईना. २१ मार्च २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्र्यांनी सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू गौण वनोपज असल्याचे कळवले. कायद्यात चार वर्षांपूर्वीच लिहिलेली गोष्ट सांगायला मंत्र्याचे पत्र लागले! २७ एप्रिलला ते स्वतः मुख्यमंत्र्यांसह मेंढ्यात आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले.

या प्रसंगाचे कौतुक बरेच झाले, आणि तो होता तसा मोठा. नाक्यावर जो कागद दाखवायचा त्यावर आता गावाची सही होती. पण पुस्तक एका गावाला मिळाले होते. हातगाडीचा नियम बदलायला सप्टेंबर २०१२ उजाडले. तेव्हा ‘योग्य त्या वाहतूक साधनाने’ असे शब्द आले आणि परवाना देण्याचे काम ग्रामसभेच्या समितीकडे गेले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावाने त्याच सुमारास बांबू कापून विकायला सुरुवात केली. तेंदूसाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लावल्या जातात, म्हणून या गावाने तेंदू तोडायचाच नाही असे ठरवले. जंगल हाती आले की गावे ते ओरबाडतील, असे म्हणणाऱ्यांनी पाचगावाकडे पाहायला हरकत नाही. राज्याच्या यादीत बांबू आणि तेंदू यायला मात्र २०१४ साल आणि पाचव्या अनुसूचीखालची राज्यपालांची अधिसूचना लागली.

त्याच वर्षी राज्याने ग्रामवनांचे नियमही काढले, तेही १९२७ च्या जुन्या कायद्याखाली. एकीकडे कायद्याने दिलेला हक्क, दुसरीकडे वनविभागाने सोपवलेले आणि काढूनही घेता येईल असे ग्रामवन. दोन्हींत ग्रामसभा आणि व्यवस्थापन हे शब्द सारखे असल्याने गावांचा गोंधळ उडाला. तो अजाणता झाला असेल असे वाटत नाही.

वनहक्क कायद्यातल्या वैयक्तिक दाव्यांची, म्हणजे एकेका कुटुंबाने कसलेल्या वनजमिनीवरच्या दाव्यांची, कथा वेगळी आहे. तिथला अडचणीचा शब्द म्हणजे ‘जबरानजोत’, म्हणजे जबरदस्तीने केलेली वहिती. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीचे हे सरकारी नाव, आणि आता कसणारेही स्वतःला जबरानजोतधारकच म्हणवतात. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्या दावेदारांना हटवण्याचा आदेश दिला आणि पंधरवड्यातच, २८ तारखेला, तो स्थगित केला. त्या पंधरा दिवसांत गावोगाव जी धास्ती होती ती सामूहिक हक्काच्या यशोगाथांत कुठे दिसत नाही.

२०१७ च्या अखेरीस केंद्राने १९२७ च्या व्याख्येतून बांबू हा शब्द काढून टाकला. कारण दिले ते जंगलाबाहेर, शेतात बांबू लावणाऱ्यांच्या सोयीचे. नव्वद वर्षे झाड असलेला बांबू असा एका फटक्यात झाड राहिला नाही. जंगलातला बांबू मात्र वनोपजच राहिला.

आज गडचिरोलीत चौदाशेहून अधिक सामूहिक हक्क मान्य झाले आहेत आणि चर्चा एटापल्लीकडे, सुरजागडच्या पहाडाकडे वळली आहे. तिथे ३४८ हेक्टरवर २००७ मध्ये लोहखनिजाचा पट्टा दिला गेला. दर जानेवारीत त्याच पहाडावर ठाकूरदेवाची यात्रा भरते आणि खाणीविरुद्धचे ठराव तिथे वाचले जातात. ओडिशातल्या नियमगिरीत २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवला आणि बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली, याचा दाखला इथे वारंवार दिला जातो. पण जंगलाची जमीन खाणीसारख्या कामांसाठी वळती करण्याचे २०२२ पासूनचे नियम वेगळे आहेत. आता केंद्राची मंजुरी आधी होऊ शकते आणि वनहक्कांची पूर्तता राज्याने नंतर पाहायची.

इथेही १९२७ चीच व्याख्या येऊन उभी राहते. तिच्याप्रमाणे जंगलातून निघणारे खनिज हेदेखील वनोपजच आहे. फक्त ते गौण नाही, कारण २००६ च्या कायद्यातले गौण वनोपज वनस्पतीपासून मिळणारे असावे लागते. ग्रामसभेच्या परवाना पुस्तकावर बांबूचा ट्रक सुटतो. त्याच रस्त्याने जाणाऱ्या लोहखनिजाच्या ट्रकला त्या पुस्तकाची गरज पडत नाही.