फुर्टव्हेंग्लर यांची कोणती ध्वनिमुद्रणे निवडावीत? : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

पुण्यात पाश्चात्त्य अभिजात संगीत नेमाने ऐकणारा वर्ग लहान असला तरी चोखंदळ आहे. या वर्गात जर्मन वाद्यवृंद-संचालक विल्हेल्म फुर्टव्हेंग्लर यांचे नाव निघाले की बोलणे लवकरच एका ठरलेल्या वादावर येते. बीथोव्हेनची तिसरी सिंफनी, म्हणजे ‘एरोइका’, ऐकायची ती १९४४ ची की १९५२ ची? आणि नववी सिंफनी १९४२ ची, १९५१ ची की १९५४ ची? एकाच संचालकाने सादर केलेल्या एकाच रचनेची कधी कधी दहाच्या आसपास मुद्रणे उपलब्ध असतात, आणि त्यांतील प्रत्येकाला कोणी ना कोणी सर्वश्रेष्ठ ठरवलेले असते. अशा याद्यांना तोटा नाही. मात्र त्या कशा घडल्या हे ठाऊक नसेल तर त्यांचा उपयोग मर्यादित राहतो. या याद्यांमागे संचालकाच्या प्रतिभेइतकाच कोणती ध्वनिफीत दुसऱ्या महायुद्धातून वाचली, ती कोणाच्या हाती पडली आणि तिची तबकडी कोणी, किती काळजीने काढली याचाही इतिहास आहे.

फुर्टव्हेंग्लर यांचा जन्म १८८६ मध्ये बर्लिनमध्ये झाला. आर्तुर निकिश यांच्या निधनानंतर १९२२ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाची धुरा त्यांच्याकडे आली. निकिश यांनी १९१३ मध्ये याच वाद्यवृंदासह बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचे मुद्रण केले होते, त्यामुळे त्यांच्या संचालनाची निदान पुसट कल्पना आज करता येते. (त्याच १९२२ साली पुण्यात भास्करबुवा बखले गेले, आणि त्यांचे गाणे मात्र ऐकायला उरलेले नाही. भारत गायन समाजाच्या या संस्थापकाविषयी आपण जे काही बोलतो ते शिष्यांच्या गायकीवरून आणि आठवणींवरून.) फुर्टव्हेंग्लर यांची पहिली मुद्रणे १९२६ ची. त्यानंतरच्या बारा-पंधरा वर्षांत त्यांनी केलेली मुद्रणे त्यांच्या कीर्तीच्या मानाने थोडी आहेत. त्याला ध्वनिमुद्रणाचे तत्कालीन तंत्र कारणीभूत होते आणि स्वतः त्यांची नाराजीही.

७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू चार-साडेचार मिनिटांत संपत असे. म्हणजे पाचवी सिंफनी मुद्रित करायची तर ती आठ-नऊ तुकड्यांत वाजवावी लागे. दर तुकड्यापाशी वाद्यवृंद थांबे, ज्यावर ध्वनी कोरला जाई ते मेण बदलले जाई आणि मग पुढचा तुकडा सुरू होई. ज्या संचालकाची लय मेट्रोनोमच्या ठोक्याला बांधलेली असते त्याचे यात फारसे बिघडत नाही. फुर्टव्हेंग्लर यांची गोष्ट वेगळी होती. एका सांगीतिक विषयाकडून, म्हणजे मुख्य सुरावटीकडून, दुसऱ्याकडे जाताना लय हळूहळू सैल सोडणे, पुढे कित्येक मिनिटांनी येणाऱ्या शिखरासाठी आधीपासून ताण साठवत नेणे आणि सिंफनीच्या एका संपूर्ण भागाला एकच दीर्घ श्वास देणे, हे त्यांच्या कलेचे मर्म होते. तो श्वास दर चार मिनिटांनी तोडावा लागला की उरते ते नीटनेटके वादन. हिज मास्टर्स व्हॉइससाठी १९३७ मध्ये केलेली पाचवी सिंफनी आणि १९३८ मधील चायकोव्हस्कीची सहावी ही त्या काळातील त्यांची उत्तम मुद्रणे मानली जातात, आणि ती आहेतही. तरी युद्धकाळातील फितींशेजारी ती ठेवली की संचालकाने हात आखडता घेतल्याचे जाणवते. साडेतीन मिनिटांत ख्याल आटोपणाऱ्या जुन्या रेकॉर्डी आणि त्याच गवयाच्या मैफलीची स्पूलवरची फीत या दोहोंतील अंतर ज्यांनी ऐकले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

ही अडचण दूर केली ती चुंबकीय फितीने. जर्मनीतील एईजी या कंपनीने १९३५ च्या बर्लिन रेडिओ प्रदर्शनात मॅग्नेटोफोन हे यंत्र मांडले. सुरुवातीला त्याच्या ध्वनीत खरखर फार होती. १९४० मध्ये जर्मन रेडिओतील अभियंता वाल्टर वेबर यांच्या प्रयोगांतून उच्च वारंवारतेच्या प्रवाहाने फीत सिद्ध करण्याची पद्धत हाती आली, आणि गुणवत्तेत एकदम मोठी झेप पडली. आता एक पूर्ण भाग, मध्ये न थांबता, तबकडीपेक्षा पुष्कळ स्वच्छ नोंदवता येऊ लागला. जर्मन रेडिओने फ्रीडरिश श्नाप या ध्वनिमुद्रकाच्या देखरेखीखाली फुर्टव्हेंग्लर यांचे कार्यक्रम प्रक्षेपणासाठी मुद्रित करायला सुरुवात केली. मार्च १९४२ मधील नववी सिंफनी, जून १९४३ मधील चौथी आणि पाचवी, त्याच वर्षाच्या शरद ऋतूतील सातवी ही सगळी मुद्रणे बर्लिनच्या जुन्या फिलहार्मोनी सभागृहातली आहेत. जानेवारी १९४४ च्या अखेरीस बॉम्बवर्षावात ते सभागृह नष्ट झाले, त्यामुळे त्याच्या नादगुणाची साक्षही आता मुख्यतः याच फितींत आहे.

याच काळामुळे त्यांच्या नावाभोवतीचा दुसरा, अधिक कठीण वाद उभा राहिला. नाझी राजवटीला नकोशा असलेल्या संगीतकार हिंडेमिट यांची बाजू जाहीरपणे घेतल्यानंतर १९३४ च्या डिसेंबरात त्यांना आपली पदे सोडावी लागली, परंतु पुढच्याच वर्षी ते व्यासपीठावर परतले आणि जर्मनी सोडून गेले नाहीत. एप्रिल १९४२ मध्ये हिटलरच्या वाढदिवसाच्या पूर्वसंध्येला त्यांनी नववी सिंफनी सादर केली. नाझी प्रचारमंत्री गोबेल्सने व्यासपीठाशी येऊन त्यांच्याशी हस्तांदोलन केल्याचे चित्रीकरण उपलब्ध आहे. युद्धानंतर त्यांची चौकशी झाली, त्यांना दोषमुक्त करण्यात आले, आणि मे १९४७ मध्ये ते बर्लिन फिलहार्मोनिकपुढे पुन्हा उभे राहिले. श्रेष्ठ मुद्रणांची निवड करताना हा इतिहास बाजूला ठेवावा असे अनेक समीक्षक सुचवतात. मला ते शक्य वाटत नाही. मार्च १९४२ च्या नवव्या सिंफनीचा शेवट ज्या बेभान वेगाने कोसळतो, त्यात कोणाला निषेध ऐकू येतो तर कोणाला केवळ उन्माद. पण ते वादन कोणत्या शहरात आणि कोणत्या वर्षी झाले हे विसरून ते ऐकणारा श्रोता मला अजून भेटलेला नाही.

१९४५ मध्ये बर्लिनचे रेडिओ केंद्र सोव्हिएत सैन्याच्या ताब्यात गेले आणि तेथील फितींचा मोठा साठा मॉस्कोला रवाना झाला. पुढे मेलोदिया या सोव्हिएत कंपनीने त्यांतील मुद्रणांच्या लाँग-प्ले तबकड्या काढल्या. त्या पश्चिम युरोपात चोरट्या वाटेने किंवा प्रवाशांच्या सामानातून पोहोचत आणि संग्राहक त्यांना भलतीच किंमत मोजत. फुर्टव्हेंग्लर यांच्या युद्धकालीन मुद्रणांना जे गूढ वलय लाभले, त्यात या दुर्मीळपणाचा वाटा मोठा आहे. १९६९ मध्ये फ्रान्समध्ये त्यांच्या नावाची संस्था निघाली. अशा रसिकमंडळांनी तारखा जुळवल्या, फिती ताडून पाहिल्या आणि आज आपण ज्याला निवडक यादी म्हणतो तिचा पाया घातला. १९८७ मध्ये या फितींच्या प्रती बर्लिनला परत मिळाल्या आणि त्यानंतर डॉइच ग्रामोफोन या जर्मन कंपनीने त्यांच्या सीडी काढल्या. मूळ फिती १९९० च्या दशकाच्या आरंभी परतल्या. त्यांवरून नव्याने संस्करण करून, म्हणजे ध्वनी स्वच्छ व दुरुस्त करून, बर्लिन फिलहार्मोनिकने स्वतःच १९३९ ते १९४५ या काळातील रेडिओ-मुद्रणांचा २२ तबकड्यांचा संच काढला, त्यालाही आता काही वर्षे झाली.

डिसेंबर १९४४ मध्ये व्हिएन्ना फिलहार्मोनिकसह मुद्रित झालेल्या ‘एरोइका’ची कथा याहून वेगळी आहे. ही फीत मॉस्कोला गेलेल्यांपैकी म्हणून गाजली नाही. युरेनिया या अमेरिकी कंपनीने १९५३ मध्ये तिची तबकडी परस्पर बाजारात आणली, तेव्हा फुर्टव्हेंग्लर हयात होते. त्यांनी कायदेशीर कारवाई केली आणि तबकडी मागे घ्यावी लागली. अर्थात, बंदी आलेल्या वस्तूची मागणी वाढते तशी तिचीही वाढली, आणि संग्राहकांच्या बोलण्यात ही सिंफनी आजही ‘युरेनिया एरोइका’ याच नावाने ओळखली जाते. गंमत अशी की त्या तबकडीचा वेग चुकलेला होता, स्वर मूळ पट्टीपेक्षा चढे येत होते आणि लयही त्यामुळे अधिक चपळ भासत होती. पुढच्या कित्येक पुनर्मुद्रणांत ही चूक तशीच उतरली. याचा अर्थ, ज्या ‘ज्वलंत’ लयीची समीक्षकांनी स्तुती केली तिचा काही भाग तबकडीच्या गतीतून आलेला होता. चूक दुरुस्त केल्यावरही हे वादन बीथोव्हेनच्या मुद्रणांच्या पहिल्या रांगेत राहते, त्याचा दुसरा भाग, म्हणजे शोकयात्रा, तर विशेषच. यावरून त्याची खरी योग्यता कळते.

येथे एक समजूत तपासून घ्यावी लागते. ‘फुर्टव्हेंग्लर श्रोत्यांसमोरच खुलत, स्टुडिओत नाही’ असे सरसकट म्हटले जाते आणि पुण्यातील मैफलप्रेमी कानांना ते लगेच पटते. परंतु १९४४ ची ही ‘एरोइका’ रेडिओच्या प्रक्षेपणासाठी केलेले मुद्रण आहे आणि तीत श्रोत्यांची चाहूलही नाही. उलट १९५२ मध्ये त्याच व्हिएन्ना फिलहार्मोनिकसह ईएमआय या ब्रिटिश कंपनीसाठी स्टुडिओ-मुद्रण म्हणून केलेली ‘एरोइका’ अधिक भारदस्त आणि सुस्पष्ट असूनही कमी धगधगीत आहे. दोन्ही वेळा समोर प्रेक्षक नव्हते. तेव्हा फरक केवळ श्रोत्यांच्या उपस्थितीचा नव्हे. सलग वाजवण्याची मोकळीक किती, त्या दिवसाची निकड किती आणि संचालकाचे वय व प्रकृती कशी, या सगळ्यांचा तो हिशेब आहे.

स्टुडिओतील दोन मुद्रणे तर या समजुतीला सरळ छेद देतात. पहिले जून १९५२ मध्ये लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये झालेले वागनरचे ‘त्रिस्तान आणि इझोल्ड’. निर्माते वॉल्टर लेग, वाद्यवृंद फिलहार्मोनिया, आणि नायिकेच्या भूमिकेत किर्स्टन फ्लॅगस्टाड. फ्लॅगस्टाड तेव्हा ५६ वर्षांच्या होत्या. तार सप्तकातील दोन अतिउच्च स्वर त्यांच्याऐवजी लेग यांच्या भावी पत्नी एलिझाबेथ श्वार्झकोफ यांनी गायिले. हे बाहेर फुटले तेव्हा बराच गहजब झाला, पण चार तासांच्या त्या अखंड प्रवाहाला त्याने काही बाधा येत नाही. दुसरे मुद्रण मे १९५३ मध्ये बर्लिनच्या डालेम भागातील येशू ख्रिस्त चर्चमध्ये डॉइच ग्रामोफोनसाठी केलेली शूमानची चौथी सिंफनी. तिसऱ्या भागाकडून चौथ्याकडे नेणारा जो संथ, अंधारा पूल आहे तो फुर्टव्हेंग्लर इतक्या सावकाश उभारतात की पितळी वाद्ये उजळून निघतात तेव्हा ऐकणारा नकळत सावरून बसतो. फक्त एकच तबकडी घ्यायची असेल तर मी हीच घेण्यास सांगेन. ती ध्वनीच्या दृष्टीने स्वच्छ आहे, तिच्याभोवती राजकारणाचे सावट नाही आणि त्यांच्या कलेतील संक्रमणाचे मर्म तीत अर्ध्या तासात कळते.

नवव्या सिंफनीचा प्रश्न मात्र सोपा नाही. २९ जुलै १९५१ रोजी बायरॉइट या जर्मन गावातील वागनर-महोत्सव युद्धानंतर पुन्हा सुरू झाला तो याच सिंफनीने. तिचे मुद्रण ईएमआयने संचालकाच्या मृत्यूनंतर, १९५५ मध्ये प्रसिद्ध केले आणि ते कित्येक दशके प्रमाण मानले गेले. (सीडीची ७४ मिनिटांची लांबी हे मुद्रण मावावे म्हणून ठरली, ही कथा आवर्जून सांगितली जाते, सीडीवर काम केलेल्या अभियंत्यांनी तिच्यावर शंका घेतली आहे.) २००७ च्या सुमारास बव्हेरियन रेडिओच्या संग्रहातील वेगळी फीत प्रकाशात आली आणि दोन्ही मुद्रणे तंतोतंत जुळत नसल्याचे दिसले. कोणती प्रत्यक्ष मैफल आणि कोणत्या प्रतीत सरावातील भाग जोडलेले, यावर तेव्हापासून वाद चालू आहे. ज्या मुद्रणाला अर्धे शतक ‘त्या रात्रीचा साक्षात अनुभव’ म्हणून गौरवले गेले त्यात जोडकाम असू शकते, हे याद्या करणाऱ्यांना अजून नीट पचलेले नाही. ऑगस्ट १९५४ मध्ये, मृत्यूच्या तीनच महिने आधी, त्यांनी लुत्सर्न येथे फिलहार्मोनिया वाद्यवृंदासह सादर केलेली नववी ही त्यांची शेवटची नववी. तिच्यात १९४२ चा थरार नाही, तरी मांडणी अधिक शांत आणि ध्वनी तिन्हींत सर्वांत सुसह्य आहे.

या गुंतागुंतीत खोट्या नाण्यांचीही भर पडली. ड्वोर्झाकची ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनी फुर्टव्हेंग्लर यांच्या नावाने अनेक वर्षे विकली गेली. ते वादन वास्तविक म्युनिकचे संचालक ओस्वाल्ड काबास्ता यांचे असल्याचे पुढे उघड झाले. तोवर तीत ‘खास फुर्टव्हेंग्लर-शैली’ ऐकल्याचे सांगणारे थोडे नव्हते.

पूर्वी पुण्यात ही मुद्रणे मिळवायची तर परदेशातून येणाऱ्या आप्तांवर किंवा जुन्या बाजारातील बुधवार-रविवारच्या नशिबावर भिस्त ठेवावी लागे. आता बहुतेक सगळी मोबाइलवर, आणि पुष्कळशी फुकट, ऐकता येतात. त्यामुळे मुद्रण कोणते याच्या जोडीने संस्करण कोणते हा प्रश्न महत्त्वाचा झाला आहे. ही सारी मुद्रणे मोनो, म्हणजे एकाच ध्वनिवाहिनीची, आहेत, तेव्हा ‘स्टिरिओ’ असे लिहिलेली प्रत कृत्रिमरीत्या फुगवलेली समजावी. मुद्रणाचे ठिकाण आणि दिनांक दिलेला नसेल तर ती प्रत सोडून द्यावी. आणि १९४४ ची ‘एरोइका’ घेताना संस्करणात पट्टी दुरुस्त केल्याचा उल्लेख आहे ना, हे पाहावे. नसेल तर पहिल्याच दोन ठोक्यांचा ई-फ्लॅट स्वर पेटीशी किंवा ट्यूनरशी ताडून पाहणे अवघड नाही.