इरोको

(मव्हुले, ओडम, कांबाला, लॅ. मिलिसिया एक्सेल्सा, कुल–मोरेसी). उष्णकटिबंधीय आफ्रिकेत पश्चिमेकडील गिनीच्या आखातापासून पूर्वेस मोझँबिकपर्यंत आढळणारा हा पानझडी वृक्ष सुमारे 50 मी. उंच वाढतो. खोड सरळसोट असून त्यावर बऱ्याच उंचीपर्यंत फांद्या नसतात. सालीला खाच पाडल्यास पांढरा चीक येतो. व्यापारात याला ‘आफ्रिकी साग’ म्हणतात, पण सागाशी त्याचे नाते नाही. वड, फणस व तुती हे त्याचे सगोत्र होत.

त्याच्या वर्गीकरणाचा इतिहास गुंतागुंतीचा आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख वेल्विच यांनी अंगोलातील नमुन्यांवरून 1869 मध्ये त्याला तुतीच्याच प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) मोरस एक्सेल्सा म्हणून घातले, तर 1880 मध्ये बेंथम यांनी तो क्लोरोफोरा प्रजातीत हलविला. मात्र त्या प्रजातीतील मुख्य जाती अमेरिकेतील रंग देणारा एक वृक्ष होती आणि तिचा समावेश पुढे मॅक्लुरा प्रजातीत झाल्याने आफ्रिकी जातींसाठी वेगळी प्रजाती लागली. सिम यांनी 1909 मध्ये मोझँबिकमधील वृक्षावरून स्थापलेली मिलिसिया प्रजाती त्यासाठी उपयोगी पडली, आणि 1982 मध्ये सी. सी. बर्ग यांनी आजचे नाव रूढ केले. पश्चिम आफ्रिकेतील मि. रेजिया ही या प्रजातीतील दुसरी जाती. लाकडातील क्लोरोफोरिन या संयुगाने मात्र जुने नाव टिकवून ठेवले आहे.

नर व मादी फुले वेगवेगळ्या झाडांवर येतात. नर नतकणिशे (फुलांचे लोंबते तुरे) पांढुरकी, लांब व लोंबती, तर मादी कणिशे हिरवी, आखूड व जाड असतात. तुतीसारखी संयुक्त फळे फलाहारी वटवाघळे आवडीने खातात व बी दूरवर पसरवितात. कोवळ्या रोपांची पाने दंतुर व लवदार असल्याने ती मोठ्या झाडाची वाटत नाहीत.

लाकूड कापल्यावर पिवळसर दिसते व हवेत तपकिरी होते. त्याला वाळवी सहसा लागत नाही, म्हणून होड्या, दारे व फर्निचरसाठी त्याला मोठी मागणी आहे. त्यात कधीकधी कॅल्शियम कार्बोनेटाचे कठीण खडे निघतात व करवतीची धार बोथट करतात. पश्चिम आफ्रिकेतील योरुबा लोक या वृक्षाला पवित्र मानतात. फायटोलायमा प्रजातीच्या कीटकांमुळे कोवळ्या शेंड्यांवर गाठी येऊन रोपे मरतात. त्यामुळे त्याची लागवड फारशी यशस्वी झालेली नाही आणि मागणीचा बोजा मुख्यतः नैसर्गिक जंगलांवरच पडतो.