समाजमाध्यमे आणि नगरसंबंध

शेजारशेजारच्या शहरांतील माणसे एकमेकांशी किती आणि कशी जोडलेली आहेत, हे फेसबुकसारख्या माध्यमांवरील मैत्रीच्या जोड्या मोजून पाहण्याची अभ्यासपद्धती. भूगोल, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र या तिन्ही शास्त्रांत ती वापरली जाते. गोव्यासारख्या लहान, नद्यांनी चिरलेल्या प्रदेशात तिचा उपयोग मोठा आहे. मात्र इथले जुने धागे ठाऊक नसतील, तर अभ्यासक सहज चकतो.

शहरांतील ओढ मोजण्याची खटपट समाजमाध्यमांच्या बरीच आधीची. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज झिफ याने 1946 मध्ये मांडले की दोन शहरांतील ये-जा त्यांच्या लोकसंख्यांच्या गुणाकाराबरोबर वाढते आणि अंतराबरोबर घटते. पुढे फोनच्या नोंदी हाती आल्या. बेल्जियममधील मोबाइल संभाषणांच्या 2008 च्या अभ्यासात देश फ्रेंच आणि डच अशा दोन भाषिक गटांत जवळजवळ सरळ विभागलेला दिसला. अंतरापेक्षा भाषा वरचढ ठरली होती. डिसेंबर 2010 मध्ये फेसबुकमधील पॉल बटलर याने मैत्रीच्या सुमारे 1 कोटी जोड्यांच्या रेषा काढल्या, आणि न आखताही खंडांचे किनारे व काही देशांच्या सीमा त्यांतून उमटल्या. मायकेल बेली, योहानेस श्ट्रोबेल हे अर्थशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी 2018 मध्ये या विचाराला ‘सामाजिक जोडलेपणाच्या निर्देशांका’चे रूप दिले.

निर्देशांकाचे गणित सोपे आहे. दोन ठिकाणांतील मैत्रीच्या जोड्या घ्यायच्या आणि दोन्हीकडील वापरकर्त्यांच्या संख्यांच्या गुणाकाराने त्यांना भागायचे. हा भागाकार का हवा, ते गोव्यातच छान कळते. 2011 च्या जनगणनेत पणजी शहर सुमारे 40 हजारांचे, म्हापसाही तेवढेच, तर मडगाव सुमारे 88 हजारांचे होते. वापरकर्त्यांची नोंद हाताशी नसल्याने उदाहरणापुरती लोकसंख्याच घेऊ. पणजी-म्हापसा यांत शक्य जोड्या 160 कोटी, पणजी-मडगाव यांत सुमारे 350 कोटी. प्रत्यक्ष मैत्र्या दोन्हीकडे सारख्याच निघाल्या, तर म्हापसा पणजीला दुपटीहून अधिक जवळचे ठरेल. नुसता आकडा पाहणाऱ्याला दोन्ही शहरे सारखीच वाटतील.

गोव्याचे क्षेत्रफळ 3,702 चौ. किमी. आणि 2011 मध्ये इथले 62 टक्के लोक शहरी. तरीही मुंबई-पुण्यासारखे एकच गिळंकृत करणारे महानगर इथे नाही. पणजीत राजधानी, मडगावात व्यापार आणि रेल्वे, वास्कोला बंदर, म्हापशाला शुक्रवारचा बाजार, फोंड्याला देवस्थाने, अशी कामे वाटली गेली आहेत. कदंब या सरकारी बससेवेच्या शटलने पणजीला नोकरीला येणारा मडगावकर रात्री घरी परततो. त्याच्या प्रोफाइलवर शहर कोणते, यावर पुष्कळ काही अवलंबून राहते. इथली शहरे परस्परांच्या इतकी जवळ आहेत की किलोमीटरपेक्षा नदी ओलांडायला लागणारा वेळ हेच खरे अंतर मानावे. 1970 चा मांडवी पूल 5 जुलै 1986 रोजी कोसळला, तेव्हा पणजी आणि नदीपलीकडचा, म्हापशाचा बार्देश तालुका यांच्यातले अंतर एका दिवसात बदलले. तेव्हाचे जाळे मोजायला समाजमाध्यमे नव्हती. कुठ्ठाळी-आगशी दरम्यानच्या नव्या झुआरी पुलाचा पहिला भाग मात्र डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला. त्याच्या आधीची व नंतरची जाळी ताडून पाहणे हा या पद्धतीसाठी अतिशय मोलाचा विषय आहे.

पुलांहून जुने धागे देवळांचे आहेत. पोर्तुगीज काळात, सोळाव्या शतकात, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला हलवली गेली. कुळावी, म्हणजे या देवांना कुलदैवत मानणारी घराणी, मात्र नाना ठिकाणी पांगले, आणि आजही जत्रेला फोंडा तालुक्यात जमतात. फोंड्याकडे येणाऱ्या मैत्रीच्या रेषा नोकरी-बाजाराच्या मानाने जास्त निघाल्या, तर कारण तिथेही शोधावे लागेल. सोयरिकीचेही तेच. सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग इकडची माणसे कामाला आणि बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात उपचाराला येतात, मुली दोन्ही बाजूंनी दिल्या-घेतल्या जातात; राज्याची सीमा नात्यांच्या मधून गेलेली आहे. म्हणून सीमेलगतच्या पेडणे किंवा डिचोली तालुक्याचा अभ्यास गोव्याच्या नकाशापुरता ठेवणे मला चूक वाटते.

भाषेवरून गट पाडणे तर इथे फसवे. घरात कोकणी बोलणारा माणूस वर्तमानपत्र मराठी वाचतो, भजन मराठीत म्हणतो, शुभेच्छा देवनागरीत लिहितो आणि मडगावकडच्या सासष्टी तालुक्यातल्या मित्राला रोमी, म्हणजे रोमन, लिपीत उत्तर देतो. बेल्जियमचे सूत्र इथे जसेच्या तसे लावले, तर एकाच माणसाचे दोन-तीन तुकडे होतील.

जिल्हानिहाय आकड्यांत पणजी व म्हापसा दोन्ही उत्तर गोव्यात आणि मडगाव व वास्को दोन्ही दक्षिण गोव्यात मोडतात, त्यामुळे त्यांचे आपापसातले नाते दिसतच नाही. फोंडा तालुका 2015 मध्ये उत्तरेकडून दक्षिण जिल्ह्यात गेला. जुन्या-नव्या आकड्यांची तुलना करताना हे विसरून चालत नाही. छायाचित्रांवरील ठिकाणांच्या खुणांवर विसंबावे, तर कळंगुट-बागा उजळून निघते, पण तो उजेड बव्हंशी पर्यटकांचा. शिवाय म्हातारी माणसे, मासळी विकणाऱ्या बाया, खाणपट्ट्यातले मजूर या मोजणीत कमी पडतात.

सर्वांत दाट वीण आज व्हॉट्सॲपवरच्या कुटुंबांच्या, देवस्थानांच्या आणि भजनी मंडळांच्या गटांत आहे. तिथले संदेश 2016 पासून पूर्णपणे कूटबद्ध असल्याने बाहेरच्याला वाचता येत नाहीत, आणि ते तसेच असायला हवे. ती वीण समजून घ्यायची तर पणजीच्या कदंब बसस्थानकावर, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आणि कवळ्याच्या जत्रेत उभे राहून, संमती घेऊन विचारावे लागते: तुम्ही कुठले, आणि आज कोणाकडे आलात?