रिव्हॉल्व्हर कोणते, हा प्रश्न शेवटचा: स्वसंरक्षणासाठी शस्त्र परवान्याचा अर्ज नेमका कुठे अडतो

शस्त्र परवान्याची चौकशी करणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न हत्याराविषयी असतो. कमरेला किंवा पर्समध्ये कोणाच्या लक्षात न येता मावेल असे हलके रिव्हॉल्व्हर कोणते, त्याची किंमत किती, ते कुठे मिळते, याची माहिती ते आधीच जमवून आलेले असतात. परवाना मात्र अद्याप नसतो आणि तो का मिळावा याचे उत्तरही तयार नसते. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ नुसार परवान्याशिवाय अग्निशस्त्र विकत घेणे सोडाच, जवळ बाळगताही येत नाही, आणि तसे ते सापडल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन ते कमाल पाच वर्षांची कैद आहे. म्हणून आधी परवान्याचे पाहू आणि हत्याराकडे नंतर वळू.

पात्रतेचा भाग थोडक्यात सांगता येतो. अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे, हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असल्यास ती संपून पाच वर्षे उलटलेली असावीत, शांतता राखण्याच्या किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्राची मुदत चालू नसावी आणि मानसिक प्रकृती ठीक असावी. महाराष्ट्रात पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त आणि इतरत्र जिल्हादंडाधिकारी हे परवाना प्राधिकारी असतात; जिल्हाधिकारी कार्यालयात हे काम साधारणपणे गृह शाखेकडे असते. अर्ज नमुना ए-१ मध्ये करायचा असून त्यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाचे ऑनलाइन पोर्टल आहे. छायाचित्रे, जन्मतारखेचा पुरावा, ओळखपत्र, रहिवासाचा पुरावा आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी हे सगळे कोणालाही जमण्यासारखे आहे. अनेक कार्यालये आयकर विवरणपत्रांच्या प्रतीही मागतात, तेव्हा त्या जोडूनच द्याव्यात, म्हणजे त्रुटीपत्राचा एक फेरा वाचतो.

खरी अडचण ‘परवान्याची आवश्यकता’ या रकान्यात आहे. तिथे ‘स्वसंरक्षणासाठी’ एवढा एकच शब्द लिहून लोक मोकळे होतात आणि काही महिन्यांनी, अर्जदाराच्या जीविताला विशेष धोका असल्याचे दिसून येत नाही, अशा आशयाचे उत्तर हातात पडले की हबकतात. शस्त्र नियम, २०१६ मध्ये अप्रतिबंधित, म्हणजे सामान्य नागरिकाला परवान्यावर बाळगता येणाऱ्या, शस्त्रासाठी कोणाचा विचार करावा हे सांगितलेले आहे: व्यवसायाच्या, नोकरीच्या स्वरूपामुळे किंवा अन्य कारणाने ज्याला जीविताचे वा मालमत्तेचे रक्षण करण्याची खरीखुरी गरज आहे अशी व्यक्ती, नेमबाजी क्लबचा वा रायफल असोसिएशनचा किमान दोन वर्षे सक्रिय सदस्य असलेला खेळाडू, आणि सैन्यदलात, केंद्रीय सशस्त्र पोलीस दलात किंवा राज्य पोलीस दलात असलेली अथवा तेथून निवृत्त झालेली आणि तशीच गरज असलेली व्यक्ती. ‘खरीखुरी गरज’ हे शब्द नियमातलेच आहेत आणि ती गरज कागदावर सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची आहे.

इथेच तो कागद लागतो जो कोणाकडेच नसतो. सराफाला खंडणीचा फोन येतो, शेतावर एकट्या राहणाऱ्या कुटुंबाच्या दारावर रात्री दगड पडतात, रोकड घेऊन बँकेत जाणाऱ्या व्यापाऱ्याचा दुचाकीवरून पाठलाग होतो, आणि ‘उगाच पोलिसांचे झंझट कशाला’ म्हणून यापैकी कोणीही तक्रार नोंदवत नाही. वर्षभराने परवान्याचा अर्ज करताना सांगायला सगळे असते, जोडायला मात्र काहीच नसते. ज्याला पुढेमागे अर्ज करायचा आहे त्याने प्रत्येक धमकीची त्या त्या वेळी लेखी तक्रार द्यावी, अदखलपात्र गुन्ह्याची नोंद झाली असेल तर तिची प्रत घ्यावी आणि ठाण्यात नोंद घेतली जात नसेल तर अर्ज टपालाने पाठवून पोच जपून ठेवावी. अर्ज करण्याच्या आदल्या पंधरवड्यात घाईने दिलेल्या तीन तक्रारींचा मात्र उलटा परिणाम होतो, कारण चौकशी अधिकाऱ्याची नजर मजकुराआधी तारखांवर जाते.

व्यवसायामुळे गरज असेल तर तीही नेमकेपणाने मांडावी लागते. ‘मी व्यापारी असून मोठ्या रकमा बाळगतो’ या वाक्याला आधार हवा. दुकानाचा परवाना, जीएसटी नोंदणी, बँकेत नियमित रोकड भरल्याचे उतारे, दुकान बंद करून घरी जाण्याची वेळ आणि मार्ग, वाटेतल्या निर्जन टप्प्याचा उल्लेख, त्या परिसरात अलीकडे घडलेल्या आणि पोलिसांकडे नोंद असलेल्या घटना, अशी जोडणी एका पानात स्पष्ट लिहिली तर वाचणाऱ्याला गरज दिसते. याउलट, नेत्याचे शिफारसपत्र, सत्काराची कात्रणे आणि सातबाऱ्यांची थप्पी जोडलेली फाइल जाड होते, मजबूत होत नाही. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही, असे कलम १४ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा पैसेवाल्यांनाच परवाना मिळतो या समजाने मागे राहणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावे. नुसत्या मालमत्तेने धोका सिद्ध होत नाही, हे मालमत्तावाल्यांनीही लक्षात घ्यावे.

दुसरी अडचण लोक स्वतः ओढवून घेतात. अर्जात पूर्वीची शिक्षा, बंधपत्राचे आदेश आणि आधी नाकारलेले अर्ज यांविषयी विचारलेले असते, आणि भावकीच्या भांडणात कधीतरी झालेली चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याचे बंधपत्र घेण्याची कारवाई, ‘ती काय केस आहे का’ म्हणून लपवली जाते. ठाण्याच्या नोंदीत ती असतेच. मुदत संपलेले बंधपत्र हा कलम ९ खालचा, म्हणजे वर सांगितलेल्या पात्रतेच्या अटींमधला, अडसर नाही आणि केवळ प्रलंबित खटलाही त्या कलमात बसत नाही, जरी कलम १४ खाली सार्वजनिक शांतता आणि सुरक्षिततेचा विचार करताना प्राधिकारी त्याची दखल घेऊ शकतो. लपवण्याचा परिणाम मात्र कायम टांगता राहतो, कारण महत्त्वाची माहिती दडवून किंवा चुकीची माहिती देऊन मिळवलेला परवाना कलम १७ खाली पुढे केव्हाही रद्द करता येतो. जे आहे ते लिहावे आणि निकालाची प्रत जोडावी.

आता दोन प्रमाणपत्रे. पहिले वैद्यकीय, नमुना एस-३ मधले. डॉक्टरांच्या लेटरहेडवरचे ‘प्रकृती उत्तम आहे’ हे वाक्य चालत नाही. शारीरिक आणि मानसिक आरोग्याचा उल्लेख असलेला विहित नमुनाच लागतो. दुसरे, आणि जास्त त्रासाचे, नमुना एस-१ मधले शस्त्र व दारूगोळा सुरक्षा प्रशिक्षणाचे. शस्त्र हाताळणे, साठवणे, त्याची निगा आणि कायद्याची प्राथमिक ओळख यांचा हा अभ्यासक्रम २०१६ च्या नियमांनी आवश्यक केला आहे. हेतू चांगलाच आहे. तथापि हे प्रशिक्षण कुठे आणि केव्हा मिळेल याचे सरळ उत्तर प्रत्येक कार्यालयात मिळतेच असे नाही, आणि प्रमाणपत्र नसल्याचे त्रुटीपत्र मात्र बिनचूक येते. अटी घालणाऱ्या यंत्रणेने त्या कुठे पूर्ण होतील याचा फलक तरी कार्यालयात लावावा. तो लागेपर्यंत अर्जदाराने प्राधिकाऱ्याकडे लेखी विचारणा करून प्रशिक्षण आधी उरकावे; ‘परवाना मंजूर झाला की शिकू’ हा हिशेब चुकतो.

रहिवासाच्या पुराव्याबाबतही एक सूचना करावीशी वाटते. नोकरीसाठी शहरात भाड्याने राहणारा माणूस आधार गावचे आणि भाडेकरार शहराचा अशी जोडी देतो. मग दोन ठाण्यांत पडताळणी होते आणि दोन्ही अहवाल एकमेकांची वाट पाहत बसतात. अर्ज करण्यापूर्वी सर्व कागदांवर एकच पत्ता आणून ठेवणे हे कंटाळवाणे, पण महिने वाचवणारे काम आहे.

मुदतींचा अर्थ सर्वात जास्त चुकीचा लावला जातो. ‘साठ दिवसांत परवाना मिळतो’ हे वाक्य अनेकांनी कुठेतरी ऐकलेले असते आणि ते अर्जाच्या तारखेपासून दिवस मोजत बसतात. नियमाप्रमाणे ठाणेदाराने आपला अहवाल ३० दिवसांत द्यायचा असतो आणि परवाना प्राधिकाऱ्याचे ६० दिवस तो अहवाल मिळाल्यापासून सुरू होतात. म्हणजे अहवाल ठाण्यातच पडून असेल तर दुसरे घड्याळ सुरूच होत नाही. कलम १३ च्या परंतुकात यावर तोड आहे: विहित मुदतीत अहवाल न आल्यास प्राधिकारी योग्य वाटल्यास त्याची वाट न पाहता आदेश देऊ शकतो. ‘देऊ शकतो’ असे असल्याने ती अधिकाऱ्याची मर्जी झाली, आणि पोलिसांच्या अहवालाशिवाय बंदुकीच्या कागदावर सही करणारा अधिकारी विरळाच. म्हणून अर्जदाराने अर्जाचा क्रमांक आणि ठाण्यातील आवक क्रमांक दोन्ही जवळ ठेवावेत, जबाबासाठी बोलावणे येताच जावे, आणि मुदत उलटल्यावर अहवाल कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर आहे हे माहितीच्या अधिकारात विचारावे. हे विचारण्यात उद्धटपणा काहीच नाही.

अर्ज नाकारला गेल्यास तोंडी उत्तरावर घरी जाऊ नये. कारणे लेखी नोंदवणे प्राधिकाऱ्यावर बंधनकारक आहे आणि मागणी केल्यास ती थोडक्यात कळवावी लागतात. सार्वजनिक हिताला बाधक असेल तेव्हाच अपवाद. कलम १८ खालच्या अपिलाला ३० दिवसांची मुदत आहे आणि ती हातची जाऊ नये म्हणून आदेशावरची तारीखच पहिला दिवस धरावी. अपिलात जुनाच मजकूर पुन्हा टंकित करून देण्याऐवजी नकाराच्या प्रत्येक कारणासमोर एक कागद ठेवावा. कारण धोका नसल्याचे असेल आणि दरम्यान नवी तक्रार नोंदली गेली असेल, तर ती इथे उपयोगी पडते.

आता हत्यार. अर्जात शस्त्राचा प्रकार विचारलेला असतो. तिथे कंपनीचे नाव न लिहिता अप्रतिबंधित बोरचे (बोर म्हणजे नळीचा आतला व्यास) रिव्हॉल्व्हर असे लिहावे. विक्रेते ज्याला एनपीबी (नॉन-प्रोहिबिटेड बोर) म्हणतात ते हेच. ०.३८ आणि ९ मिमी हे बोर प्रतिबंधित वर्गात मोडतात, त्यामुळे परदेशी व्हिडिओ पाहून ठरवलेली बरीचशी छोटी रिव्हॉल्व्हरे इथे बादच होतात. शिवाय सामान्य परवानाधारकासाठी परदेशी शस्त्रांची व्यापारी आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. जुनी परदेशी हत्यारे हातोहात फिरत अवाजवी किमतीला विकली जातात ती त्यामुळेच.

उरतात ती देशी रिव्हॉल्व्हरे, प्रामुख्याने ०.३२ बोरची. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये आणलेले ‘निर्भीक’ हे सहा गोळ्यांचे, टायटॅनियम मिश्रधातूचे आणि सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे असून त्याची तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. २०२३ मध्ये आलेले ‘प्रबल’ सुमारे ७०० ग्रॅमचे आहे आणि गोळ्या भरण्यासाठी त्याचे चक्र बाजूला उघडते. ईशापूरच्या रायफल कारखान्याचे ०.२२ बोरचे ‘निडर’ सुमारे २५० ग्रॅमचे, म्हणजे या तिघांत सर्वात हलके. काउंटरवर रिकामे हत्यार हातात घेऊन निर्णय करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की जितके वजन कमी तितका झटका हाताला जास्त बसतो, आणि आखूड नळी व लहान मूठ यांमुळे नेम धरणे अवघड होते. मूठ पकडल्यावर करंगळी खाली लोंबत असेल आणि चाप ओढताना नळीचे टोक हलत असेल, तर दोनशे ग्रॅम जास्त वजनाचे हत्यार घेतलेले बरे. ज्याला दिवसभर बाळगायचे नसून फक्त रात्री दुकानातून घरी जाताना जवळ ठेवायचे आहे, त्याने हलकेपणासाठी हट्ट धरण्याचे कारण नाही.

झाकून बाळगण्याबाबत नियम स्पष्ट आहे. सार्वजनिक ठिकाणी हे हत्यार म्यानात म्हणजे होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्णपणे झाकलेले आणि धारकाच्या प्रत्यक्ष ताब्यात असले पाहिजे. शर्ट वर करून मूठ दाखवणे, लग्नाच्या वरातीत ते बाहेर काढणे हे परवाना गमावण्याचे सोपे मार्ग आहेत. आनंदाच्या भरात निष्काळजीपणे केलेल्या गोळीबारासाठी तर २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी स्वतंत्र तरतूद आहे. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक सभा आणि शैक्षणिक संस्थेचा परिसर इथे विशेष परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही. ज्या क्षेत्रापुरता परवाना आहे त्याच्या बाहेर नेणे हाही भंगच आहे, आणि हे क्षेत्र परवान्यावर लिहिलेले असूनही फार थोडे जण ते वाचतात.

खरेदीनंतर हत्याराचा क्रमांक परवान्यावर नोंदवून घ्यावा आणि परवान्यावर शस्त्र परवान्यांच्या राष्ट्रीय डेटाबेसचा युनिक क्रमांक आहे ना हे पाहावे. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याची नोटीस आल्यास ते वेळेत जमा करून पावती घ्यावी. धोका चालू असेल तर सूट मिळण्यासाठी छाननी समितीकडे कारणांसह अर्ज करता येतो.

परवान्याची मुदत २०१९ च्या दुरुस्तीपासून तीनऐवजी पाच वर्षांची झाली आणि त्यामुळे नूतनीकरणाची तारीख विसरणे सोपे झाले. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या ६० दिवस आधी करायचा आहे, संपल्यावर नव्हे. मुदत उलटून गेली असेल तर हत्यार कपाटात तसेच ठेवून कार्यालयात चौकशीला जाऊ नये. कलम २१ प्रमाणे ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, पावती घ्यावी आणि ती पावती जोडूनच पुढचा अर्ज करावा.